गाय नसताना मारलेली हाक

नांदेडच्या ज्या लहानशा संग्रहालयात मी नोकरी करते, तिथे मराठवाड्यातल्या गुराढोरांचा इतिहास जपून ठेवलाय. झुली, घुंगरमाळा, वेसणी, शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या. सगळं काचेत, सगळं गप्प. म्हणून एका भिंतीत बटण बसवायचं ठरलं. ते दाबलं की गुरांना घरी बोलावणारी हाक ऐकू येणार. आमच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे लाल कंधारी गाय होती ना? वडिलांची हाक मिळेल का?"

मी हो म्हणून बसले. पप्पांकडे मी सहसा काही मागत नाही. पहिलीपासून मी लातूरला मावशीकडे, इंग्रजी शाळेत. सुट्टीत घरी गेले की आम्ही पाहुण्यांसारखं बोलायचो. आई गेल्यापासून फोनवर 'जेवलीस का' आणि 'जेवलात का', एवढंच. त्यांची हाक मात्र माझ्या कानात पक्की होती. मी ओसरीवर सुट्टीचा होमवर्क करत असायचे, तेव्हा ती माळावरून यायची. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. संग्रहालयापेक्षा आधी ती हाक मला हवी होती.

एका शनिवारी मुखेडला एसटीतून उतरून गावी गेले. गोठ्यात खताच्या गोण्या आणि माझी जुनी सायकल. शेवटची गाय म्हातारी होऊन गेली, त्यानंतर पप्पांनी दुसरी आणली नाही.

"गाय न्हाई, आन् हाक कुणाला मारू?" ते म्हणाले.

"मोबाईलला."

"मोबाईल काय चरायला गेलाय का?"

तरी माळाच्या कडेपर्यंत आले. मी रेकॉर्डिंग चालू करून जरा लांब उभी राहिले. त्यांनी घसा खाकरला आणि गायीचं नाव घेतलं, पण फोनवर घ्यावं तसं. शेजारच्या रानातून काकू ओरडल्या, "काय ओ भाऊजी, ट्रॅक्टर हरपला का काय?"

"हाव! तुमच्या रानात घुसला का बघा!" पप्पा हसले. मग टोपी नीट करत माझ्याकडे वळले. "चल माय, बास झालं. लोक येडं म्हंतेत."

एरवी मी 'बरं' म्हणून निघाले असते.

"एकदाच, पप्पा. मला ऐकायचीये."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली, तोंडाशी हात धरला आणि हाक मारली. तीच. नावाचं शेवटचं अक्षर पार उतारापलीकडे गेलं. मग मान किंचित कलती करून ते तसेच उभे राहिले. काय करताहेत ते मला जरा उशिरा कळलं. ते गायीच्या गळ्यातल्या घंटेची वाट पाहत होते. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही, जवळही गेले नाही. बऱ्याच वेळाने "चल" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

पहिला प्रयत्न आणि काकूंचा आवाज मी कापायला दिला. शेवटची शांतताही कापू का, असं साऊंडवाल्याने विचारलं. मी नको म्हणाले. आता कुणी आलं तर बटण दाबतं, हाक ऐकतं आणि नंतर काहीच ऐकू येईना म्हणून पुढच्या खोलीत जातं. मी माझ्या टेबलाशी बसून पप्पा "चल" म्हणेपर्यंत थांबते.