एकाच नावाची तीन मुलं

आमच्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. बाबा आणि दोन काका कुंभकोणमच्या एकाच गल्लीत शेजारीशेजारी राहायचे, त्यामुळे तिन्ही घरांतल्या थोरल्या मुलाचं नाव एकच होतं. सुनांनी सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आजोबा केव्हाच गेले होते, तरी नियम ठणठणीत होता. म्हणून प्रत्येक आईनं आपल्या लेकाला एक टोपणनाव दिलं होतं. ते तिच्या उंबऱ्याच्या आत चालायचं, बाहेर कुणाला ठाऊक नसायचं.

पुढे नोकरीत मी संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकले, तेव्हा हेच पुन्हा भेटलं. दोन फंक्शनांत, म्हणजे प्रोग्रामच्या दोन वेगळ्या तुकड्यांत, एकाच नावाचं व्हेरिएबल असतं, प्रत्येकाच्या आत त्याची किंमत वेगळी. आणि आतलं नाव बाहेर कुणी ओळखत नाही. नवशिकी पोरं त्यात चुकली की हसायची. मला मात्र आमच्या गल्लीतली एक दुपार आठवायची.

तमिळ आडी महिना होता, आपल्या आषाढ-श्रावणातला, कावेरीला नवं पाणी आलं होतं. एकाच नावाचे ते तिघे चुलतभाऊ पोहायला गेले. दुपारी फुलवाला धावत गल्लीत आला आणि तमिळमध्ये ओरडला, रायर घरातला मुलगा वाहून गेला. आम्हा मराठी लोकांना तिथे रायरच म्हणत. पुढे त्यानं आजोबांचं नाव घेतलं.

तिन्ही दारांतून तिघी बाहेर आल्या. प्रत्येकीला आपलाच मुलगा ऐकू आला होता.

"कोनाचा? कोनाचा ते सांग की," आई त्याला विचारत राहिली. बाहेरच्याशी तमिळ बोलायचं हेही ती विसरली होती. मग तिनं टोपणनाव सांगून पाहिलं. ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. आईचा पदर धरून मी मनात म्हणत होते, देवा, दुसऱ्या घरातला असू दे. आईही तेच म्हणत असणार, कारण ती काकूंकडे बघेना.

मग गल्लीच्या टोकाला ओल्या अंगानं दोघं आले. दोघंच. पुढे माझा भाऊ होता, मागे धाकट्या काकूचा मुलगा. आई धावली, तिनं भावाला कवटाळलं आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं.

थोरली काकू आपल्या उंबऱ्यावर डोळे घट्ट मिटून बसली होती. नाव ऐकून तिनं डोळे उघडले आणि "आलास रे?" म्हणत ती धावत सुटली.