पडवळांचा पाय

दत्ताराम पडवळ कधी उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात चप्पल घालून कामावर यायचे, तर महिन्याभराने बरोबर उलटं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या आमच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते, मी त्यांचा सुपरवायझर. दुखणारा पाय बदलतो म्हणजे माणूस नाटक करतोय, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं.

"पडवळ, मागच्या वेळी डावा होता ना?" मी सगळ्यांसमोर विचारायचो.

"आता उजव्याची पाळी, साहेब. दोघं भाऊ आहेत, दोघांचंही बघायला लागतं," ते हसून म्हणायचे.

रत्नागिरीकडचा किडकिडीत माणूस. हात इतका हलका की गुंडाळताना ताटावर बोटाचा ठसा राहायचा नाही. सुजलेल्या अंगठ्याला ते 'पाहुणे' म्हणत. "पाहुणे पहाटे आले. चादर लागली तरी ओरडतात." हे दारूचं दुखणं, अशी माझी खात्री होती. एका रविवारी ते किनाऱ्यावरच्या चौक गावाच्या बसमध्ये चढताना दिसले, तर मी मनात म्हटलं, निघाले प्यायला. तिकडे त्यांची मेव्हणी राहते आणि त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता, हे फार नंतर कळलं.

एकदा ते स्वतःहून माझ्याकडे आले. "साहेब, डॉक्टर म्हणतात गाऊट आहे. युरिक ॲसिडची गोळी रोज घ्यायचीय, दुखत नसलं तरी. सुरुवातीला काही महिने पाय जास्त ठणकेल, पण गोळी सोडायची नाही म्हणालेत. जरा सांभाळून घ्या."

औषध घेऊन दुखणं वाढतं? मला वाटलं, हा पुढच्या खाड्यांची आधीच तयारी करून ठेवतोय. त्याच महिन्यात त्यांचे तीन खाडे झाले. मी म्हणालो, "यापुढे लंगडत आलात तर गेटवरूनच परत पाठवीन. कायमचं."

त्यानंतर पडवळ लंगडले नाहीत. दोन्ही पायांत बूट, वर्षभर एकही खाडा नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बघा, धाक लागतो माणसाला!" सगळे हसले. पडवळही हसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला तो उकाड्याचा वाटला.

ते कामावरच कोसळले तेव्हा सगळं बाहेर आलं. माझ्या धमकीनंतर आठवड्याभरातच त्यांनी ती रोजची गोळी सोडली होती, आणि उभं राहता यावं म्हणून सकाळ-संध्याकाळ दुखणं मारणाऱ्या गोळ्या खात होते. डॉक्टरांनी मला समजावलं. युरिक ॲसिड बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. ते साचलं की सांध्यात खडे होऊन टोचतं, किडनीलाही त्रास देतं. आणि किडनी थकली की आणखी साचतं. त्यावर वर्षभर या दुखण्याच्या गोळ्यांचा मारा, त्याही किडनीलाच बाधतात. "ह्यांना इतक्या गोळ्या घ्यायला सांगितलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

पुढे डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेलो तेव्हा पडवळवहिनी खुर्चीतून उठून माझ्या आणि पलंगाच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"कशावर सही हवीय तुम्हाला?"

"सही नको, वहिनी. माफी मागायला आलोय."

"मग लिहून द्या. तुमच्या भीतीने गोळ्या खाऊन उभे राहायचे, असं. मालक म्हणतात, घरचं दुखणं, कंपनीचा काय संबंध?"

माझ्या खिशाला पेन होतं. मी म्हणालो, "ऑफिसात विचारून सांगतो."

"बघितलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"राहू दे गो," पडवळ डोळे मिटूनच बोलले. "त्यांनाही घरदार आहे."

मी ऑफिसात विचारलं नाही. पुन्हा भेटायलाही गेलो नाही. पाच महिन्यांनी पडवळ गेले.

मी अजून त्याच नोकरीत आहे. तरी लिहितो: दत्ताराम पडवळांचे दोन्ही पाय खरोखर दुखत होते. त्यांना कामावरून काढायची धमकी मी दिली, आणि तिच्या भीतीने त्यांनी औषध सोडलं. हे सहीनिशी वहिनींच्या हातात द्यायला उद्या जाणार आहे. त्या दोनदा वाचतील, आणि मग विचारतील, ह्यात तुमचा काय फायदा?