मंदानं भात मागितला नव्हता

"मावशी, हात पुसा आणि इकडे या. हिला तुमच्या मंदाची गोष्ट सांगा."

भाभींनी अशी हाक मारली की मी भांडी तशीच टाकून जेवणाच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. त्यांची नात भाजी बाजूला सारून बसलेली असायची. मी माझी मेलेली पोर सांगायची, ती एकेक घास घ्यायची. गोष्ट संपेपर्यंत ताट साफ. मग भाभी म्हणायच्या, बघ, लोकांना एवढंही मिळत नाही, देवाला थँक्यू म्हण. पोर हात जोडायची. मी परत मोरीवर.

चूक माझीच. एका दुपारी मेथी निवडताना भाभींनी विचारलं होतं, मुलंबाळं किती. मी म्हटलं, एक मुलगा आहे. त्याच्या आधीची मुलगी होती, चार वर्षांची होऊन गेली. कशानं, त्यांनी विचारलं. भुकेनं, मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मंदासाठी दुसरं कोणी रडलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मला टेबलाशी बोलावलं.

तीन वर्षं मी ती गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली झाली की माझ्या डब्यात वाटीभर भाजी जास्त पडायची. मला ते कळत होतं. म्हणून मी गोष्ट चांगली करत गेले. मंदा भात मागते, हे मी घातलं. शेवटचा घास मी तिच्या तोंडात घालते, हेही मीच घातलं. तिथे आवाज कापरा करायला शिकले.

मागच्या नवरात्रात अष्टमीला त्यांच्याकडे कन्याभोज होतं. नऊ मुलींचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरी-हलवा-चणे वाढायचे. आमच्या जबलपुरात त्या दिवशी मुलींची ओढाताण असते. कॉलनीतल्या मुली एका सकाळी चार-चार घरी जेवतात. आठ जमल्या, नववी मिळेना. भाभी म्हणाल्या, तुमची नात आणा. मी कांचघरच्या आमच्या घरून पोरीला घेऊन आले. सात वर्षांची आहे. सकाळपासून चहा-टोस्टवर होती. पाय धुताना लाजून हसत होती.

बाकीच्या मुली पोट भरून आलेल्या. पुरी मोडायच्या आणि ठेवून द्यायच्या. माझी नात मान खाली घालून खात होती. भाभींना ते वाया जाणारं अन्न बघवेना. त्यांनी मला पुढे बोलावलं. मी तोंड उघडायच्या आतच त्यांची नात म्हणाली, "मावशी, वो वाला पार्ट सुनाओ ना, जब वो भात माँगती है। उसमें सबको रोना आता है।"

माझ्या नातीचा हात ताटात थांबला. मंदा तिची आत्या. आमच्याकडे मंदाचा फोटो नाही. पोरीला फक्त नाव माहीत होतं.

"नाही सांगत," मी म्हटलं.

"अहो, दोनच मिनिटं. या मुलींना अन्नाची कदर कळेल."

"माझी पोर काय तुमच्या ताटातली चटणी आहे का भाभी? घास उतरत नाही म्हणून लावून खायला?"

"काहून इतकं मनाला लावून घेऊन राहिल्या मावशी? रोज तर सांगता."

"रोज खोटं सांगत होती मी. तिनं भात मागितला नव्हता."

खरं ते असं. नवरा रांझीला कारखान्याबाहेर रोजंदारीवर ट्रक भरायचा. तो तापानं महिनाभर पडला. आधी घरातले डबे रिकामे झाले, मग शेजाऱ्यांनी हात आखडले. घरात काही नाही, असा तो तिसरा दिवस होता. एका घरून मला अर्धी पोळी मिळाली. मंदा झोपली होती. मला धुणं धुवायला जायचं होतं आणि उभं राहवत नव्हतं. ती अर्धी पोळी मी खाल्ली. संध्याकाळी हिच्यासाठी आणू, असं मनात म्हटलं. ती उठली नाही. डॉक्टरनं तिच्या मरणाच्या कागदावर ताप लिहिला.

हे मी त्या खोलीत सांगितलं नाही. नातीनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आजी, खाऊ की नको?"

पोरीचा हात धरून ताडकन निघून जायला हवं होतं, असं माझा मुलगा नंतर म्हणाला. भरल्या ताटावरून पोरीला उठवणं माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, "खा. सगळं खा. घाई नको करू." तिचं होईपर्यंत मी तिच्या मागे उभी राहिले. आठ ताटांतल्या पुऱ्या निवून गेल्या. तिनं शेवटचा चणा उचलला, मी तिचे हात धुतले आणि चपला घातल्या. भाभी दारापर्यंत आल्या. उद्या येताय ना, विचारलं. मी म्हटलं, दुसरी बघा.

रस्त्यात नातीनं आत्याचं विचारलं. मी खरं सांगितलं, अर्ध्या पोळीसकट. ती दोन रात्री माझ्याजवळ झोपली नाही. तिला तो हक्क आहे.

मी अजून जेवते. वरण-भात, कधी नुसती पोळी आणि कांदा. पहिला घास पाण्यानं उतरवते. पानात काही टाकत नाही. त्यासाठी मला कोणाला हात जोडावे लागत नाहीत.

इथून पुढे मंदाची भूक मी कोणासमोर वाढणार नाही. ज्याला उपाशी माणसाची एवढी आठवण येते, त्यानं जेवण घेऊन त्याच्या दारात जावं. माझ्याकडे कोणी गोष्ट मागायला आलं, तर उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. मग तो कोणी का असेना.