आयिनपोकाच्या पत्त्यावर माझं नाव

आयिनपोकाचं भलं मला बघवत नाही. उगाच गोडगोड कशाला बोलू? घानातल्या बोल्गाटांगात टोपल्या विणणाऱ्या आम्ही दोघी. गवत चिरायचं कसं, पिळायचं कसं, हे मीच तिला शिकवलं. आणि आता बाजार म्हणतो, काठ विणावा तर आयिनपोकानं! माझी मेली बोटं आखडली ना.

तिला अक्षर ओळखता येत नाही, मी सहावी पास. म्हणून तिनं जुना लॅपटॉप घेतला आणि शेजारचा कॉम्प्युटर जाणणारा पोरगा आयाम्गा त्यावर ईमेल जोडायला आला, तेव्हा मला शेजारी बसवलं.

आयिनपोका म्हणाली, "मावशी, फुकटच्या पत्त्यावर परदेशी गिऱ्हाईक भरवसा ठेवत नाही म्हणे. हा आपल्या धंद्याच्या नावाचा पत्ता."

"आपल्या कसला? तुझ्या म्हण की!"

"मग तू काय परकी आहेस?" ती हसली. त्या हसण्यानंच माझं डोकं फिरतं.

आयाम्गानं पत्ता भरला, पासवर्ड भरला. पत्रं यायला लागली, पण जाईनात. ईमेलच्या कंपनीला विचारायला तो फोन घेऊन बाहेर गेला. जाताजाता म्हणाला, "मावशी, वरच्या चौकटीत तेवढं पाठवणारीचं नाव टाका. गिऱ्हाइकाला तेच दिसतं."

आयिनपोका माझ्यासाठी ज्वारीची बिअर ओतत होती, पाठमोरी. मी एका बोटानं टाकलं: तालाता. माझं नाव. देवाशपथ सांगते, बोट जरासुद्धा थरथरलं नाही. आयाम्गा आला, कसलासा आकडा बदलला, पत्र गेलं. नावाकडे कोण बघतो?

मग सगळी पत्रं मीच वाचायची, मीच लिहायची. हॅम्बुर्गची एक बाई दर वेळी लिहायची, "प्रिय तालाता, तुझ्या काठाला तोड नाही." तेवढं वाक्य गिळून बाकीचं मी आयिनपोकाला वाचून दाखवायची.

मार्चमध्ये ती बाईच येऊन उभी राहिली. वर्षाला दोन हजार टोपल्या हव्या होत्या, पण आधी काठ विणताना बघायचा होता. "तालाता कोण?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. अर्धी टोपली मांडीवर आली. घाम पुसत चार बोटं काठ विणला. बाईनं त्यावरून अंगठा फिरवला, नकारार्थी मान हलवली आणि आयाम्गाशी भराभर इंग्रजीत काही बोलली.

"हा तो हात नाही म्हणते," आयाम्गा पुटपुटला. बाई पिशवी आवरायला लागली.

आयिनपोका माझ्याकडे एकटक बघत होती. सगळं कळलं होतं तिला. मला वाटलं, आता चारचौघींत माझी लाज निघणार.

"सांग तिला, तालाता मीच," ती आयाम्गाला म्हणाली. "ही माझी गुरू. पहिला मान हिचा, म्हणून हिला बसवलं." आणि माझ्या मांडीवरची टोपली उचलून ती विणायला लागली.

सौदा झाला. बाईची गाडी निघाल्यावर आयिनपोका माझ्या कानाशी आली. "मावशी, आता ते नाव बदलू नकोस हं. गिऱ्हाईक गोंधळेल."

एक नाव तेवढं माझं होतं, तेही नेलं मेलीनं.