आमच्या दारातली हलगी

दहावीचा निकाल लागला आणि आईने माझ्यासाठी खुरपं आणून ठेवलं. नवं कोरं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. मला अकरावीला हदगावला जायचं होतं. आई काही दुष्ट नव्हती, तिची अडचण बसची होती. बस आमच्या मातंग वस्तीसमोरून धुरळा उडवत जायची, पण थांबायची पुढे गावात. संध्याकाळी तिथून केळीच्या बागांमधून पोरीने एकटीने चालत यायचं, हे तिला मंजूर नव्हतं. "बस दारात थांबली तर जा," ती म्हणाली आणि विषय मिटवला.

माझ्या दोन मैत्रिणींच्या घरीही हेच. ग्रामसभेचा धडा आम्ही मार्कांसाठी पाठ केलेला. थांबा मागायला गावाचा ठराव लागतो एवढं कळलं, तशा आम्ही तिघी वेण्या घालून थेट सभेत. सरपंच वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मागणी बरोबर हाय, पोरींनो. पण ठरावाला मतदारांचे हात लागतात. तुमच्या वस्तीचं कोण आलंय?" आम्ही मागे वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. सभा तहकूब झाली आणि पुढच्या आठवड्यावर गेली.

मी तणतणत वस्तीत आले. बायांना विचारलं, सभेला का आला नाहीत? सगळ्यांचं एकच उत्तर, आम्हाला कुठं माहीत होतं? आता गंमत बघा. सभेची दवंडी गावात देतो कोण? माझा बाप. हलगी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात.

बाबा जाळावर हलगी शेकत बसले होते.

"बाबा, आपल्या वस्तीत दवंडी कामून देत न्हाई तुम्ही?"

"कामून म्हंजे? मारुतीपासून चावडीपर्यंत द्यायची. माझा बाप तशीच देत होता."

"आन् आपण?"

त्यांनी हलगी जाळापासून बाजूला घेतली. मग म्हणाले, "इथं दे म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

"मग मी सांगून राहिले ना," मी म्हणाले.

सभेच्या आदल्या दिवशी बाया वावरातून परतल्या आणि बाबांनी वस्तीत हलगी घुमवली. एकच गोंधळ उडाला. आमच्या दारात हलगी वाजते ती एक तर लग्नात, नाही तर मयतीला. लगीनसराई तर कधीच संपलेली. बाया पिठाच्या हातांनी धावत आल्या. एका मावशीने तर गळाच काढला, "कोण गेलं गं बाई!" कोणीही गेलेलं नाही हे कळेपर्यंत अख्खी वस्ती लिंबाखाली जमली होती. घरोघर फिरून एवढी माणसं आम्हाला जन्मात गोळा करता आली नसती. आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरेनात. पारावर चढून मी सुटलेच. बस, थांबा, ठराव, हात. "आम्हाला अजून मत न्हाई. तुम्हाला हाय. उद्या फक्त हात वर करायचा."

मावशी डोळे पुसत खेकसली, "मेलीनं जीव काढला माझा. येते उद्या."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढच्या सतरंज्या पुरल्या नाहीत. आई हातात खुरपं घेऊनच आलेली, कारण सभेनंतर वावर होतंच. ठराव वाचून झाला. कोणीच हलेना, बाया एकमेकींची तोंडं बघत होत्या. मी कडेला उभी होते. हात वर करायचा मला हक्क नव्हता, आणि मूठ नुसती आवळली जात होती. मग आईचा हात वर गेला, खुरप्यासकट. मागोमाग आमच्या सगळ्या बायांचे. मला रडूच कोसळलं.

सरपंच हसले. "कशासाठी हात वर केला, कळलं ना?"

"हाव, कळलं," आई म्हणाली. "उद्यापासून पोरगी माझ्यासंगं खुरपायला येणार न्हाई."

बस प्रत्यक्ष थांबायला आगारात पुष्कळ खेटे घालावे लागले. तोवर शेजारच्या वस्त्यांतल्या पोरी "आमच्याकडं बी दवंडी द्यायला या" म्हणत आल्या. कॉलेज, सभा आणि हलगी घेतलेले बाबा, असं सगळं एकदमच सुरू झालं. दारात बस थांबल्याशिवाय न पाठवणारी आई मात्र तेवढे दिवस वावरातून थेट गावातल्या थांब्यावर यायची. मी बसमधून उतरले की पुढे व्हायची आणि केळीच्या वाटेने मला घरी आणायची.