घोड्याचं ऐकणारे कर्नलसाहेब

कर्नल इंगवले यांची माझी पहिली भेट एका आजारी घोडीमुळे झाली. कोडोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. घोडदळातून निवृत्त होऊन गावी शेती पाहणारे कर्नलसाहेब सकाळीच दारात येऊन उभे राहिले. त्यांची तारा ही घोडी पोटदुखीने लोळत होती.

"मी घोड्यावर कधी उपचार केलेले नाहीत," मी खरं ते सांगून टाकलं.

"लपवलं नाहीत, बरं केलंत. चला."

कॉलेजातल्या माझ्या सरांना फोनवर विचारत मी इंजेक्शनं दिली, नळी घातली. साहेब घोडीचं डोकं छातीशी धरून बसले होते. दुपारी ताराने लीद टाकली, तेव्हा साहेब पदक मिळाल्यासारखे हसले.

चहा देताना त्यांच्या पत्नी शैलाकाकूंनी बादलची गोष्ट सांगितली. बादल हा साहेबांचा पलटणीतला घोडा. भारतीय संघाच्या निवड स्पर्धेत दोन दिवस ही जोडी सर्वांच्या पुढे होती. शेवटच्या दिवशी फक्त अडथळ्यांवरच्या उड्या उरल्या होत्या. सकाळी चालवताना बादलचं मागचं पाऊल किंचित आखूड पडतंय, असं साहेबांना वाटलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी घोडा ठीक ठरवला, तरी साहेबांनी नाव मागे घेतलं. पुढे बदली झाली आणि परदेशी खेळण्याची संधी पुन्हा आली नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी साहेबांना विचारलं.

"वाटलं की! आठ दिवस कुणाशी धड बोललो नाही. पण बादल पुढे दहा वर्षं धावला, डॉक्टर."

त्या सुमारास मी बदली मागण्याच्या विचारात होते. गावात कुणी माझ्यावर विश्वास टाकत नसे. एकदा एका शेतकऱ्याची म्हैस आजारी होती, तरी त्याने मला गोठ्याबाहेरच थांबवलं. "बाई डॉक्टर हाय व्हय? मग न्हाय जमायचं." योगायोगाने साहेब तिथून चालले होते. ते गावच्याच बोलीत म्हणाले, "माझी घोडी ह्याच बाईंनी वाचवली न्हवं. म्हशीला हात लावू दे की!" म्हैस बरी झाली. बदलीचा अर्ज मी लिहिलाच नाही.

आज पंचाहत्तरीतही साहेब रोज सकाळी गावातल्या मुलींना घोडेस्वारी शिकवतात, आणि शिकवता शिकवता स्वतःही रपेट मारून येतात. काकू अंगणातून ओरडतात, "अहो, वय झालं, आता उतरा की खाली!"

काकूंची माफी मागून आम्हा सर्वांची एकच इच्छा सांगते. साहेबांची कंबर अशीच ताठ राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत त्यांनी काकूंचं हे एवढं मात्र ऐकू नये.