अण्णांच्या दुनळीची दुरुस्ती

माझ्या सासऱ्यांची बंदूक आमच्याकडे दुरुस्तीला आली तेव्हा तिला एकच आजार होता. आमच्याकडून गेली तेव्हा तीन होते.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. रोह्याच्या पलीकडे एका गावात त्यांची थोडी शेती. त्या शेतीवर रानडुकरांचं भारी प्रेम, म्हणून पीक राखण्यासाठी लायसन काढून घेतलेली ही दुनळी. दुकानातली सगळ्यात स्वस्त. दोन नळ्या शेजारी शेजारी डाग देऊन जोडलेल्या (आमच्या लग्नाच्या फोटोत मी आणि वंदना बसलोय तशा. पर्याय नाही म्हणून!). तिने आजवर एकही डुक्कर मारलं नव्हतं. अण्णा हवेत बार काढायचे, डुकरं पळायची आणि अण्णा मिशीवरून हात फिरवत घरी यायचे. दोन्ही बाजू खूश होत्या.

एका दुपारी अण्णा झोपलेले असताना सासूबाईंनी त्या बंदुकीने फणस पाडला. बार काढून नव्हे. आकडी सापडेना म्हणून बंदुकीने खालून ढोसून. फणस पडला. बंदुकीवरच पडला! नळ्यांचा जोड पुढून उकलला आणि दोघी एकमेकींवर रुसल्यासारख्या फाकल्या.

"काळजी नको," अण्णा सासूबाईंना म्हणाले. "जावईबापू महाप्याला आहेत. इंजिनिअर आहेत."

मी महाप्याला होतो हे खरं. कंपनी इंजिनिअरिंगची होती हेही खरं. पण मी होतो स्टोअर्समध्ये. लोक यायचे, नटबोल्ट मागायचे, मी द्यायचो. लग्न जुळवणाऱ्या काकांनी तेव्हा "मुलगा इंजिनिअरिंगमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं आणि अण्णांनी उरलेलं स्वतःच ऐकून घेतलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी ते दुरुस्त करायला मला सवड मिळाली नव्हती.

अण्णा एसटीने आले. बगलेत गोधडी, गोधडीत बंदूक. (काडतुसं गावाला ठेवून आले होते, एवढंच नशीब.) नेरूळला आमची सोसायटी नवीन, जिन्याला रंगाचा वास अजून होता. गेटवर सेक्रेटरी तावडे उभे.

"काय काका, गोधडीत काय आणलंत? सुरण?"

"बंदूक," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलायच्या बेताचा. तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या!

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की पाण्याच्या तक्रारीवरून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गावाहून माणूस बोलावलाय. दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला असं पाणी आलं की बादली फिरली! मी ही गोष्ट खोडून काढली नाही.

"जावईबापू, किती वेळाचं काम?" अण्णांनी विचारलं.

"छे हो, असं आहे काय त्यात!" मी म्हणालो. तोंडाला कुलूप लावण्याची ती शेवटची संधी होती.

"मग सकाळी कंपनीत घेऊन चला. पण मी बरोबर येणार. लायसनवर फोटो माझा आहे. बंदूक जिथे, मी तिथे."

या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. बंदूक कंपनीत न्यायची तर अण्णाही कंपनीत येणार आणि मला नटबोल्ट मोजताना बघणार! म्हणून मी सांगितलं, कंपनीत मोठी ऑर्डर चालू आहे, जरा थांबा. मग बंदूक थांबली. म्हणून अण्णा थांबले. वन रूम किचनच्या हॉलमध्ये, दिवाणावर. बंदूक दिवाणाखाली. पहाटे पाचला खाकरणं, साडेपाचला रेडिओ, सहाला "जावईबापू, झाली का ऑर्डर?"

आमच्याकडे फोन नव्हता. सासूबाईंचा फोन यायचा तावड्यांकडे, आणि तावडे बातम्या दिल्यासारखे दारात उभे राहून सांगायचे, "काल सुरणाचा वाफा गेला." पुढच्या दिवशी, "रताळी संपली. डुकरं आता अंगणापर्यंत येतात म्हणाल्या." अण्णा नुसते माझ्याकडे बघायचे.

"अहो, खरं काय ते सांगून टाका ना," वंदना स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"खोटं तुमचं आहे!"

शेवटी अण्णांना आणि गोधडीला रिक्षात घालून सारसोळ्याला नेलं. तिथे काशिनाथ म्हणून एक ग्रील बनवणारा होता. त्याने गोधडी उघडली आणि तितक्याच वेगाने मिटली.

"साहेब, खिडकीची जाली हाय तं आना. बंदुकीला आपुन हात लावनार नाय."

"अरे, नुसता एक डाग द्यायचाय."

"डाग माज्या नावाला लागंल ना! न्या ती पयली."

अण्णा परत येताना म्हणाले, "बरं झालं. घरात माणूस असताना बाहेरच्याला कशाला?"

आता मार्ग उरला नाही. रविवारी अण्णांना वंदनाबरोबर भाजीला पाठवलं. 'बंदूक जिथे मी तिथे' म्हणून ते अडले होते, पण वंदनाने "अण्णा, इंजिनिअर लोकांना काम करताना कुणी बघितलेलं चालत नाही" असं सांगून त्यांना बाहेर काढलं. (हे तिने माझी बाजू घेऊन म्हटलं की उट्टं काढायला, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.)

पाण्याची टाकी गळली की लावतात ती दोन रंगांची लांबी मी आणली होती. मळली, गोळा केला, नळ्यांच्या फटीत भरली. जरा जास्तच भरली. बंदूक टीपॉयवर आडवी ठेवली, नळ्या एकमेकींना चिकटाव्यात म्हणून वर पाटा ठेवला आणि समाधानाने चहा करून प्यायलो.

लांबी चांगली निघाली. टाकीला कधी चिकटली नसेल अशी चिकटली! चहा पिऊन पाटा काढला. बंदूक उचलली, तर टीपॉयही उचलला गेला.

मी ओढलं. टीपॉय माझ्या गुडघ्यावर आपटला. मी सुरीने खरवडलं, सुरी वाकली. काडतुसं घालायला बंदूक मधोमध मोडते तिथून उघडून बघावी म्हटलं, तर उघडेचना. लांबी तिथेही शिरली होती. नळ्या मात्र होत्या तशाच फाकलेल्या! मी टीपॉयचे पाय धरून हॉलभर फिरत होतो तेवढ्यात दार उघडलं.

अण्णांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग शांतपणे म्हणाले, "हा स्टँड कायमचा का?"

वंदना भाजीची पिशवी घेऊन आत पळाली. आतून आवाज येत होते. रडण्याचे नव्हते.

"अण्णा," मी खाली बघत म्हणालो, "मी इंजिनिअर नाही. स्टोअर्समध्ये आहे."

अण्णांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "ज्या दुकानातून घेतली तिथे नेऊ. मुंबईत आहे."

"दुकान आहे? मग आधी का नाही बोललात?"

"घरात इंजिनिअर होता ना!"

टीपॉयसकट बंदूक रिक्षात मावेना, म्हणून टेम्पो केला. मागे अण्णा, मी, टीपॉय आणि वर चादर. वाशीच्या पुलाअलीकडे पोलिसांनी हात केला. हवालदाराने चादर उचलली.

"हे काय आहे?"

"टीपॉय," मी म्हणालो.

"आणि वर?"

अण्णांनी लायसन पुढे केलं. हवालदाराने ते वाचलं, फोटो बघितला, अण्णांना बघितलं, वाकून टीपॉयच्या खालून बघितलं. "बंदूक बरोबर आहे. पण ही अशी का आहे?"

"घरची दुरुस्ती," अण्णा म्हणाले. हवालदाराने दुसऱ्या दोघांना बोलावलं. पकडायला नव्हे, दाखवायला!

दुकानाचे मालक म्हातारे होते. जाड चष्म्यातून त्यांनी आमच्या त्या वस्तूला एक प्रदक्षिणा घातली. टीपॉयला बोटाने टिचकी मारली. जोड बघितला, उघडायचा भाग बघितला. मग हताशपणे खुर्चीत बसले. (बंदूक पुढे नीट होऊन गावाला गेली आणि डुकरं पूर्वीसारखी पळू लागली. टीपॉय गेला तो गेलाच.)

"साधा जोड सुटला होता हो," ते अण्णांना म्हणाले. "नुसती आणली असतीत तर काही नव्हतं. हे कुणी केलं?"

मी दुकानाच्या छताकडे बघू लागलो.

"आमच्या गावात एक लोहार आहे," अण्णा म्हणाले. "मनाने चांगला आहे. हाताने असा आहे."

"त्या गाढवाला माझा निरोप सांगा," मालक कळवळून म्हणाले. "पुन्हा आयुष्यात कुठलंही हत्यार हातात धरू नकोस म्हणावं. पकडसुद्धा नको!"

अण्णा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. "जावईबापू, तुमचं आणि त्याचं चांगलं आहे. सांगाल ना त्याला?"

"सांगतो," मी म्हणालो. "पण तो ऐकणाऱ्यातला नाही."